बोटांच्या पेरांवरच्या गाठी आणि अंगठ्याच्या मुळाची कळ

ताई, तुम्ही मोकळेपणाने सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे वय ५७, सांगलीजवळच्या शाळेत २९ वर्षांची नोकरी, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. गेल्या दोन वर्षांत दोन्ही हातांच्या बोटांवर, नखाजवळच्या पेरांशी, कठीण गाठी आल्या. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की तव्यावर टाकायला उचललेली भाकरी हातातून सुटते आणि बरणीचे झाकण मुलाकडून उघडून घ्यावे लागते. आमवाताच्या शंकेने केल्या जाणाऱ्या रक्ततपासणीत आरए फॅक्टर किंचित वाढलेला आला म्हणून एका ठिकाणी ‘आमवात’ सांगितला गेला. दुसऱ्या ठिकाणी युरिक ॲसिड ६.४ आले म्हणून गोळी सुरू झाली आणि डाळी, टोमॅटो, चिंच बंद झाली. शेजारच्या काकूंनी कुठल्याशा पुड्याही आणून दिल्या आहेत. हे नेमके काय आहे, हात वाकडे होऊन निकामी होतील का, विश्रांती द्यावी की व्यायाम करावा, ऑपरेशन लागेल का आणि या वर्षी गणपतीत मोदक वळता येतील का, असे तुमचे प्रश्न आहेत.

गेली २४ वर्षे संधिवाताचे रुग्ण तपासताना असे हात मी जवळजवळ रोज पाहत आले आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींचा त्रास मूळ आजाराइतकाच चुकीच्या निदानाने वाढलेला असतो. तुमच्या वर्णनावरून आणि तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांवरून हा आमवात नसून हाताच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला झिजेचा संधिवात म्हणतो तो, असावा असे मला वाटते. हात प्रत्यक्ष दाबून पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करता येत नाही. तरीही मला असे का वाटते ते सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना त्याचा उपयोग होईल.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो बहुधा मनगटे, बोटे तळहाताला जिथे जोडलेली असतात ते सांधे आणि बोटांचे मधले सांधे धरतो, नखाजवळचा शेवटचा सांधा मात्र सहसा सोडून देतो. त्याची सूज मऊ असते, बोटाने दाबली तर भिजलेल्या कणकेसारखी दबते. सकाळी हात तासभर किंवा त्याहून अधिक वेळ आखडलेले राहतात आणि सोबत थकवा, अंगात कसकस असते. तुमच्या गाठी नेमक्या त्या शेवटच्या सांध्यांवर आहेत आणि दाबल्या तर हाडासारख्याच लागतात, कारण त्या हाडाच्याच आहेत. तुमची बोटे सकाळी आखडतात, पण दहा-पंधरा मिनिटांत, चहा होईपर्यंत, सुटतात. दुखणे कामाने वाढते आणि हात टेकला की उतरते. हे सगळे झिजेच्या संधिवाताच्या बाजूचे आहे. आरए फॅक्टरचे म्हणाल, तर तो काही निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतो आणि वय वाढते तसे त्यांचे प्रमाणही वाढते. त्यामुळे सांध्यांत आमवाताची चिन्हे नसताना केवळ त्या कागदावरून आमवात ठरत नाही. शंका उरलीच तर अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून पाहा: नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे, किंवा कोपर, गुडघे, टाळू यांवर खवले धरलेले लाल चट्टे आहेत का? सोरायसिसचा संधिवातही नखाजवळच्याच सांध्याला होतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

आता युरिक ॲसिड. नखाजवळच्या या गाठींना वैद्यकात हेबरडेनच्या गाठी म्हणतात. अठराव्या शतकातले इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम हेबरडेन यांनी लहान वाटाण्याएवढ्या या गाठींचे वर्णन केले आणि युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाऊटशी, म्हणजे वातरक्ताशी, त्यांचा काही संबंध नाही, हे तेव्हाच स्पष्ट लिहून ठेवले. त्यांचे लेखन त्यांच्या निधनानंतर, १८०२ साली, प्रसिद्ध झाले. दोनशेहून अधिक वर्षे उलटली तरी या गाठींसाठी बायकांच्या ताटातली डाळ बंद केली जाते, याचे मला फार वाईट वाटते. पाळी बंद झाल्यावर युरिक ॲसिड थोडे वाढतेच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असते, त्यानेही वाढते. गाऊटचा झटका कधी आलेला नसताना ६.४ या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. ती गोळी थांबवण्याविषयी, आणि रक्तदाबाची तुमची गोळी नेमकी कोणती आहे याविषयीही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. डाळ, टोमॅटो, चिंच, दही आजपासून खायला हरकत नाही. अपवाद एकच: रात्रीतून एखादी गाठ लालबुंद, गरम झाली आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर मात्र ताबडतोब दाखवा, उतारवयात, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये, गाऊट कधी कधी अशा जुन्या गाठीतच प्रकट होतो.

‘झीज’ हा शब्द मी वापरते खरा, पण त्याने एक गैरसमज होतो. ऐकणाऱ्याला वाटते की चपलेचा तळ झिजावा तसा सांधा झिजला, आता जितका वापरू तितका संपेल. सांधा चपलेसारखा निर्जीव नसतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि त्या थराला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलताना, दाबला-सुटताना आतल्या द्रवातूनच त्याला पोषण मिळते. या आजारात तो थर पातळ आणि खरखरीत होतो, त्याखालचे हाड टणक होते, अस्तराला अधूनमधून सूज येते, आणि सांध्याच्या कडेने नवे हाड वाढते. तीच तुमची गाठ. म्हणजे यात झिजणे आहे, तसे शरीराचे डागडुजीचे प्रयत्नही आहेत. आनुवंशिकता यात मोठी आहे. तुमच्या आईच्या, मावशीच्या बोटांवर अशाच गाठी होत्या का, आठवून पाहा. माझ्या आईच्या होत्या, आणि लहानपणी त्यांवरून हात फिरवायला मला आवडत असे. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी जाण्याच्या आगेमागे, हा आजार अधिक दिसतो. वजन वाढलेल्या व्यक्तींमध्येही तो अधिक आढळतो, आणि हाताला शरीराचा भार पेलावा लागत नसतानाही तसे व्हावे, याचा अर्थ मेदाचा परिणाम केवळ ओझ्यापुरता नाही. कॅल्शियम कमी पडल्याने या गाठी येत नाहीत आणि कॅल्शियम घेऊन त्या जात नाहीत. हाडे ठिसूळ होण्याचा आजार निराळा. बोटे कडकडा मोडण्याच्या सवयीनेही हे होत नाही.

गाठींपेक्षा मला काळजी तुमच्या अंगठ्याची आहे. गाठ तयार होत असताना काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे दुखते, लाल होते, आणि मग बहुतेक वेळा दुखणे शमते. गाठ राहते, बोट थोडे कलते, पण काम होते. अंगठ्याच्या मुळाचे तसे नाही, कारण हाताचे निम्मे काम त्याच्यावर चालते. मनगटाच्या आठ लहान हाडांपैकी एक अंगठ्याच्या मुळाशी आहे, त्याचे नाव ट्रॅपेझियम. त्यावर अंगठ्याचे लांब हाड असे बसते, जसा घोड्याच्या खोगिरावर स्वार. याच रचनेमुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर हलतो आणि प्रत्येक बोटाला जाऊन भिडतो. पण स्वाराला घट्ट धरणारे बंध सैल पडले की तो खोगिरावरून बाहेर घसरू लागतो. तुमच्या छायाचित्रात अंगठ्याच्या मुळाशी एक चौकोनी उंचवटा दिसतो तो याचाच, आणि त्याची भरपाई म्हणून अंगठ्याचा मधला सांधा मागे लवतो आहे.

या सांध्यावर येणारा भार समजला की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. १९७७ साली अमेरिकेतील कूनी आणि चाओ या संशोधकांनी गणित मांडले, त्यानुसार अंगठा आणि बोट यांच्या टोकांत एक किलोची चिमूट दाबली तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे १२ किलोचा दाब पडतो. म्हणजे किल्ली फिरवताना, साडीच्या निऱ्या चिमटीत घट्ट धरताना, पिळून फडके वाळत घालताना, लाल शाईच्या बारीक पेनने ६० वह्या तपासताना तुम्ही जेवढा जोर लावता असे तुम्हाला वाटते, त्याच्या दहापट आणि वर जोर त्या एवढ्याशा खोगिरावर येत असतो. मूठ मात्र पूर्ण हाताने धरली, तळहाताने ढकलले, कोपराच्या खोबणीत उचलले, तर तेच काम मोठे स्नायू आणि मोठे सांधे करतात. म्हणून माझ्या रुग्णांना मी ‘हाताला विश्रांती द्या’ असे सहसा सांगत नाही. हात वापरा, चिमूट जपा, असे सांगते. पूर्ण विश्रांतीने स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंचा सांधा आणखी घसरतो.

हे घरात कसे उतरवायचे ते पाहू, कारण औषधांपेक्षा इथे जास्त मिळकत आहे. भाकरीत थापण्याचा त्रास कमी असतो, ते काम उघड्या तळव्याचे आहे. कळ येते ती घट्ट पीठ मळताना अंगठ्याने रेटल्यामुळे आणि थापलेली भाकरी कडेला धरून उचलताना. पाणी उकळून उकड काढलेले पीठ सैल मळले जाते. गोळा थोडा लहान घ्या, मळताना अंगठा बोटांना चिकटवून ठेवून तळहाताच्या टाचेने रेटा, आणि भाकरी दोन्ही तळव्यांवर झेलून तव्यावर सोडा. विळीवर चिरताना फळ किंवा भाजी दोन्ही अंगठ्यांनी पात्यावर दाबावी लागते. त्याऐवजी रुंद पात्याची, जाड मुठीची सुरी पाटावर झुलवत चिरली तर अंगठ्याला काम उरत नाही. सांडशीने जड पातेले उचलणे तुमच्या अंगठ्यासाठी सगळ्यांत वाईट, म्हणून दोन कानांची भांडी वापरा आणि ती जाड फडक्याने दोन्ही हातांनी उचला. झाकणासाठी रबराचा तुकडा किंवा ओले फडके झाकणावर ठेवून तळव्याने दाबा आणि हात खांद्यातून फिरवा. कपडे पिळताना ते नळाला अडकवून दोन्ही मुठींनी पीळ घाला. चादरी तर पिळूच नका, निथळू द्या. पिशवी बोटांच्या आकड्यात न धरता खांद्याला लावा. पेनाला फोमची नळी किंवा कापडाची पट्टी गुंडाळून ते अंगठ्याएवढे जाड करा आणि २० वह्यांनंतर पाच मिनिटे थांबा. मोबाइलवर अंगठ्याने लिहिण्याची सवय सोडून फोन टेबलावर ठेवून तर्जनीने लिहा, किंवा बोलून लिहून घ्या.

बांगड्यांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. बांगडी भरताना कासार अंगठा तळहातात दुमडून त्याचे मूळ दाबून आत घेतो आणि बांगडी पुढे सरकवतो. तो दाब नेमका याच सांध्यावर येतो. लग्नसराईत, श्रावणात बांगड्या भरून आलेल्या बायका दोन दिवसांनी अंगठा धरून येताना मी पाहिल्या आहेत. एक माप मोठे घ्या, किंवा उघडता येणाऱ्या पाटल्या वापरा. अंगठीचेही तसेच. बोटाचा मधला सांधा जाड होत चालला असेल, तर अंगठी निघते आहे तोवर काढून मोठी करून घ्या; सांधा सुजला की ती कापावी लागते.

पट्ट्याबद्दल तुम्ही विचारले आहे. अंगठ्याचे मूळ धरून ठेवणारा, पण टोक आणि बाकीची बोटे मोकळी सोडणारा लहान पट्टा मी बहुतेकांना देते. हाताचे उपचार करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट तो प्लास्टिक गरम करून तुमच्याच हातावर बेततात. तशी सोय नसेल तर निओप्रिनचा, म्हणजे रबरी कापडाचा, तयार पट्टाही चालतो. फ्रान्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रात्री पट्टा लावणाऱ्यांना महिनाभरात फरक पडला नाही, पण वर्षअखेरीस दुखणे स्पष्ट कमी झाले होते. पुढे ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र व्यायाम आणि कामाच्या पद्धतीतले बदल नीट शिकवले, तर त्यांवर पट्ट्याचा वेगळा फायदा दिसला नाही. यातून मी एवढेच घेते की पट्टा हा मदतनीस आहे, उपचाराचा गाभा नाही. रात्री आणि जड कामाच्या वेळी तीन महिने लावून पाहा, सोय वाटली तर ठेवा. दिवसभर मात्र लावून बसू नका.

व्यायाम साधे आहेत आणि कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटे बुडवल्यावर सोपे जातात. बोटे सरळ, मग फक्त पुढची दोन पेरे वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. असे सावकाश दहा वेळा. नंतर अंगठ्याचे टोक एकेका बोटाच्या टोकाला असे लावा की मध्ये गोल ‘ओ’ दिसला पाहिजे. अंगठा मागे लवून चपटी चिमूट होत असेल, तर तेच टाळायचे आहे. तिसरा व्यायाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हात टेबलावर, करंगळीची बाजू खाली, अंगठा वर. आता तर्जनी एकटीच अंगठ्याकडे वर न्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला हलकेच अडवा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात मागच्या बाजूला एक स्नायू टरारून फुगलेला हाताला लागेल. तो बळकट झाला की अंगठ्याचे हाड खोगिरावर नीट बसून राहते. दहा वेळा, दिवसातून दोनदा, रोज. बेचके आकसलेले असेल, तर दुसऱ्या हाताने तिथला मांसल भाग अर्धा-एक मिनिट हलके चोळून सैल करा. कडक स्प्रिंगचे हॅंडग्रिप किंवा टणक चेंडू दाबण्याचा व्यायाम तुम्ही सुरू केला आहे, तो आजच बंद करा; त्यात अंगठ्याच्या मुळावर पुन्हा मोठा दाब येतो. व्यायामानंतर थोडे दुखणे चालते, पण दोन तासांनंतरही टिकले तर उद्या निम्म्यावर या. संशोधनात व्यायामाचा फायदा मध्यम नव्हे, लहानच दिसतो, हे मी लपवणार नाही. पण तो मिळतो, आणि त्याची किंमत मूत्रपिंडाला मोजावी लागत नाही.

औषधांत पहिले मलम. हाताचे सांधे कातडीच्या अगदी जवळ असल्याने डायक्लोफिनॅकचे जेल इथे चांगले काम करते आणि रक्तात फार थोडे जाते. ते दिवसातून तीन-चार वेळा, दोन आठवडे तरी नियमाने लावावे लागते. बायकांच्या बाबतीत ते फसते ते एका साध्या कारणाने: जेल लावले की दहा मिनिटांत भांडी घासायला किंवा कणीक मळायला हात पाण्यात जातात. लावल्यानंतर किमान तासभर हात धुवायचे नाहीत, म्हणून त्याच्या वेळा ओट्यापासून लांब ठेवा: शाळेत गेल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, रात्री निजताना. मिरचीच्या अर्काचे मलम मी हातासाठी देत नाही, कारण तोच हात डोळ्याला लागतो.

पॅरासिटामॉलचा या दुखण्यात उपयोग थोडाच होतो. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन या प्रकारच्या गोळ्यांनी बरे वाटते, पण तुम्हाला रक्तदाब आहे. या गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, पोटात जखम करू शकतात. म्हणून दुखणे उसळले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घ्याव्यात, दुकानातून पाकीट आणून महिनोन्‌महिने नाही. सांध्यांसाठी पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनने हाताला काही होते याचा समाधानकारक पुरावा नाही. तशाच कॉन्ड्रॉयटिन सल्फेटने स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीत हाताचे दुखणे काहीसे कमी झाले होते. परवडत असेल आणि घ्यायचेच असेल, तर तीन महिने घेऊन पाहा, फरक नसेल तर थांबवा.

पुड्यांचे काय करायचे ते नीट वाचा. बिननावाच्या पुड्या आणि गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे वारंवार आढळले आहे, आणि ‘चौथ्या दिवशी हात मोकळा झाला’ या अनुभवामागे बहुधा तेच असते. स्टेरॉइडने या आजारात आराम पडतो हे खरे आहे. नेदरलँड्समधील २०१९ च्या एका चाचणीत हाताला सूज असलेल्या रुग्णांना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सहा आठवडे दिले, तेव्हा दुखणे चांगले कमी झाले. औषध उतरवून बंद केल्यावर मात्र तो फरक टिकला नाही. ते आयुष्यभर घेण्याचे औषध नव्हे. न कळत घेतलेल्या स्टेरॉइडने साखर आणि रक्तदाब वाढतो, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. तुम्ही पुड्या दोन-चारच घेतल्या असतील तर सोडून द्या. पण काही आठवडे घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते, आणि एकाएकी थांबल्यास चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या देखरेखीखाली बंद करा.

आमवात समजून कुणी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केले, तर हे माहीत असू द्या की ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीत हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर वर्षभर देऊनही ते औषध खोट्या गोळीहून सरस ठरले नाही. आमवातातच वापरल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटने मेलबर्नच्या २०२३ च्या चाचणीत सांध्याच्या अस्तराला सूज असलेल्या रुग्णांचे दुखणे सहा महिन्यांत मध्यम प्रमाणात कमी झाले. पण तेवढ्यावरून ते सरसकट द्यावे असे मला अजून वाटत नाही, आणि तुमच्या हातांना तर नाहीच.

तपासण्यांवर फार खर्च करू नका. दोन्ही हातांचा एक साधा एक्स-रे पुरे. त्यात सांध्यातली फट कमी झालेली, कडेला हाड वाढलेले दिसेल. ते पाहून घाबरू नका, कारण चित्र आणि दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. एक्स-रे फार खराब असूनही सुखाने रांगोळी काढणाऱ्या आजी मला माहीत आहेत. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटात शीर दबली असण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या या आजारासोबत ते पुष्कळदा आढळते आणि त्याचा उपाय वेगळा. नखाजवळच्या गाठीवर पाण्याने भरलेला, चकाकणारा फोड आला तर सुईने फोडू नका. त्याची वाट सांध्यात उतरते आणि जंतुसंसर्ग सरळ आत जातो.

अंगठ्याच्या सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन काहींना काही आठवडे आराम देते, पण चाचण्यांमध्ये त्याचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही. घरात लग्न असेल, परीक्षेचा हंगाम असेल, अशा अडीअडचणीलाच मी ते वापरते. ऑपरेशन फार थोड्यांना लागते. सहा महिने ते वर्षभर वरचे सगळे मनापासून करूनही अंगठा रात्री झोपू देत नसेल, तर हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे. ते बहुधा ट्रॅपेझियम हे लहान हाडच काढून टाकतात. हाड काढणे ऐकायला भयंकर वाटते, पण दुखणे बहुतेकांचे चांगले जाते. मात्र सुरुवातीचे चार-सहा आठवडे हात पट्ट्यात असतो, पकडीत जोर यायला तीन ते सहा महिने, कधी अधिकही, लागतात आणि तोवर घरात दुसरे हात लागतात. नखाजवळचा सांधा फारच छळत असेल, तर तो सरळ स्थितीत जोडून कायमचा स्थिर करता येतो. तुमच्यावर ही वेळ आलेली नाही.

हात निकामी होतील का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. गाठी जाणार नाहीत, काही बोटे टोकाशी थोडी कलतील, मूठ पूर्ण मिटणार नाही असे दिवस येतील, आणि पावसाळी हवेत पुष्कळ जणी सांगतात तसा ठणका वाढेल. पण दुखणे भरती-ओहोटीसारखे असते, आणि भरतीच्या आठवड्यात ते कायमचेच आले असे वाटू लागते. त्या आठवड्यात पट्टा, शेक, जेल, हलका व्यायाम, आणि घरातल्यांना स्पष्ट सांगणे की आज कुकर तुम्ही उतरवा. तीन महिन्यांनी एकदा दाखवा. त्याआधी सांधा लाल-गरम झाला, ताप आला, मनगटे सुजली किंवा सकाळचे आखडणे तासभर टिकू लागले, तर लगेच.

आता मोदक. उकड मळणे मुलाला किंवा सुनेला सांगा. ती कामे तुमच्याच हातून व्हावीत असा बाप्पाचा आग्रह नाही. उकड गरम आणि सैल असतानाच पारी करायला घ्या, ती कोमट उब सांध्यांनाही बरी वाटते, आणि बाकीची ओल्या फडक्याखाली ठेवा, म्हणजे घट्ट होऊन जोर लावावा लागणार नाही. ओट्याशी उभे न राहता टेबलाशी बसा, कोपरे टेकलेली असू द्या. कळ्या पाडताना अंगठा मागे न लवता गोल ठेवा आणि तेल लावलेली तर्जनी व मधले बोट यांच्यात पारी दुमडून घ्या, अंगठ्याने फक्त आधार द्या. नैवेद्याच्या २१ मोदकांपैकी पाच तुमच्या हातचे, कळीदार. ते झाले की पंधरा मिनिटे हात कोमट पाण्यात. उरलेले सोळा साच्यातून काढायला नातवंडांना बसवा, आणि मुखऱ्या नीट आल्या की नाही ते तुम्ही पाहा.